भाडं थकलं की आधी दार ठोठावा

मुंबईतल्या खासगी चाळीत भाडं थकलं, तर मालकाला भाडेकरूला लगेच बाहेर काढता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यायची, मग ९० दिवस थांबायचं, त्यानंतरच दावा. दावा लागला तरी समन्स हाती पडल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, तर घर वाचतं.

याच भाडेकरूची इमारत धोकादायक ठरली आणि तो म्हाडाच्या संक्रमण शिबिरात आला, की हे कवच गळून पडतं. म्हाडाच्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागू नाही. तिथे म्हाडा कायद्याचं कलम ६६ चालतं. दोन महिन्यांहून अधिक भाडं थकलं, तर नोटीस देऊन घर रिकामं करून घेण्याचा अधिकार त्यात आहे. गिरगाव-लालबागमधून निघालेली ही माणसं हौसेने आलेली नाहीत. काही वर्षांत परत जाऊ म्हणून आली आणि त्यांची नातवंडं शिबिरातच शाळेला लागली.

दोन महिन्यांत कुणाला रस्त्यावर काढत नाहीत, हे मला माहीत आहे. पण कागदावर टांगती तलवार आणि प्रत्यक्षात मौन, हे भाडेकरूला अधिक मारक ठरतं. महिन्याला काही शे रुपयांचा आकडा गप्प राहून हजारोंत जातो. मग माणूस कार्यालयाच्या दिशेने फिरकतच नाही.

मी बँकेत कर्जवसुलीच्या टेबलावर नोकरी केली. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादक ठरतं, म्हणून पहिला हप्ता चुकला की आमचा फोन जायचा. दरडावायला नव्हे, काय झालंय ते विचारायला. निम्म्या वेळा उत्तर साधं असायचं: पगार लांबला, घरात कुणीतरी दवाखान्यात आहे. त्या आठवड्यात बोललं की मार्ग निघतो. दोन वर्षांनी बोललं तर उरतं फक्त भांडण.

निवृत्त झाल्यापासून मी आमच्या शिबिरातल्या लोकांचे अर्ज लिहून देते. पलीकडच्या इमारतीतल्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करायच्या. गुडघ्याने दगा दिला, कामं सुटली. विधवा, पदरी कमावतं कुणी नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आपण बसतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. उत्पन्नाचा दाखला काढा, तहसीलदार कार्यालयात अर्ज द्या, एवढं सांगणारं माणूस पहिल्याच महिन्यात दारात आलं असतं, तर थकबाकी साचलीच नसती.

इंग्लंडमध्ये सामाजिक घरमालकाला न्यायालयात जाण्याआधी हे करावंच लागतं. थकबाकी दिसताच भाडेकरूशी बोलायचं, त्याला झेपेल असा हप्ता ठरवायचा, घरभाड्याच्या सरकारी मदतीचा अर्ज भरायला हात द्यायचा. हे आपल्याकडे अशक्य का वाटावं? शिबिराशिबिरात भाडेवसुली कारकून आहेत; कोणत्या खोलीत काय चाललंय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांना फक्त पावतीपुस्तक न देता चौकशीचं कामही द्या.

सेवाशुल्काच्या थकबाकीसाठी म्हाडाने अभय योजना राबवली होती. मला तो मार्ग पुरेसा वाटत नाही. सरसकट व्याजमाफी ऐपत असून न भरणाऱ्यालाही मिळते, नियमित भरणाऱ्याला ती चपराक वाटते आणि ज्याला आजारपणाच्या सहा महिन्यांपुरताच आधार हवा होता, त्याच्यापर्यंत ती फार उशिरा पोचते. शिबिरातल्या खोल्या बळकावणाऱ्या घुसखोरांना हुसकायचं असेल तर खुशाल हुसका. मूळ रहिवाशाची थकबाकी मात्र त्याच फाइलमध्ये बांधू नका.

ठरलेला हप्ता आणि चालू भाडं जो भरतोय, त्याच्यावर निष्कासनाची कारवाई होणार नाही, हे लेखी मिळायला हवं. कलम ६६ मध्ये ९० दिवसांची मुदत घालायची तर विधिमंडळाला दुरुस्ती करावी लागेल. हप्त्यांच्या करारनाम्याचा मराठी छापील नमुना प्रत्येक शिबिराच्या कार्यालयात ठेवायला मात्र म्हाडाचं एक परिपत्रक पुरे, आणि ते या महिन्यातही निघू शकतं.