शाळा बदलायची, तर आधी शिक्षकांना विचारा

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता ती स्वतः शिक्षिका आहे. म्हणाली, "बाई, जूनपासून आमच्याकडं दुसरीपासून गणित इंग्रजीतनं, तेही टॅबवर. सूचनावही फिरवली, सह्या घेतल्या, झालं की!" वजाबाकीतला हातचा घरी मराठी-कानडी बोलणाऱ्या पोराला इंग्रजीतनं कसा समजवायचा, वीज गेल्यावर काय करायचं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्याला दोष द्यायला मला तोंड नाही. मुख्याध्यापिका असताना मीही एका शिबिरातून उत्साहानं परतले आणि प्रत्येक मुलाची रोजची प्रगती लिहायची वही सुरू केली. महिनाभर वह्या छान भरल्या. मग एकदा पाहते तर काय, आठवडाभर तापानं घरी असलेल्या मुलापुढे नोंद होती, 'वाचन सुधारले'. शिक्षक लबाड नव्हते. साठ मुलांच्या वर्गात हे जमणार नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं.

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नलि-कली' सुरू झाली. युनिसेफची मदत होती. पण सरकारी शाळांतले शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या खेड्यांतल्या शाळा पाहून आले आणि आपल्या मुलांसाठी कार्डं त्यांनी स्वतः तयार केली. मूल आपल्या गतीनं एकेक पायरी चढू लागलं. पुढे ही पद्धत राज्यभर गेली, तेव्हा बहुतेक शिक्षकांच्या हाती ती तयार होऊनच आली. स्वतः घडवलेली वस्तू मोडली तर माणूस ती दुरुस्त करतो; वरून आलेली कपाटात ठेवतो.

संस्थाचालकांची अडचण मला समजते. मराठी शाळांची पटसंख्या घसरते आहे, पालक इंग्रजी मागतात. आम्हा शिक्षकांतही 'नवीन काही नको' म्हणणारे असतातच. पण म्हणून न विचारता ठरवलेलं वर्गात टिकत नाही.

आपल्या मंडळींच्या शाळांच्या समित्यांवर आपल्यातलेच वडीलजन बसतात. त्यांना हात जोडून विनंती आहे. खरेदीआधी योजना शिक्षकांपुढे ठेवा. एका वर्गात एक सत्र करून पाहा आणि काय जमलं, काय नाही, हे शिकवणाऱ्याच्या तोंडून ऐका. 'जमत नाही' म्हणणाऱ्याला कामचुकार ठरवू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलं आहे. त्यातले काही तास तरी भाषणं ऐकण्याऐवजी त्यांना एकत्र बसून धडे आखायला द्या.

जून फार लांब नाही. माझ्या विद्यार्थिनीची सही वहीत आहेच. तिचं मत घ्यायला अजून वेळ आहे.

– एक निवृत्त मुख्याध्यापिका, बेळगाव