बर्फाच्या उतारावरील विवेक

दोन लांब, चिंचोळ्या फळ्या पायांना बांधून बर्फाच्छादित डोंगरावरून वेगानें घसरत येण्याच्या खेळास स्कीइंग म्हणतात. नॉर्वेसारख्या देशांत हें मूळचें हिंवाळ्यांतील प्रवासाचें साधन. पुढें आल्प्स पर्वतांत त्याचा मोठा खेळ झाला. आणि आपल्या देशांत गुलमर्ग व औली येथें तो शिकतां येतो. अशा धोक्याच्या खेळास मुलांना पाठवावें काय, असा प्रश्न पालकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. आमचें मत असें कीं, अवश्य पाठवावें. परंतु धाडस व अविचार यांतील भेद त्यांना आधीं शिकवावा.

अपघात अवघड कड्यावरच होतात, ही समजूत चुकीची आहे. १६ मार्च २००९ रोजीं नताशा रिचर्डसन ही प्रसिद्ध इंग्लिश अभिनेत्री कॅनडांत नवशिक्यांच्या सौम्य उतारावर धडा घेत असतां पडली. तिच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. आपणांस कांहीं झालें नाहीं, असें म्हणून तिनें प्रथम वैद्यकीय मदत नाकारली. थोड्याच वेळांत डोकें दुखूं लागलें. कवटीच्या आंत रक्तस्राव होत होता. दोन दिवसांनीं ती मरण पावली. डोक्याचा मार बाहेरून दिसत नाहीं, हें मुलांनीं पक्कें ध्यानांत धरावें, आणि मार लागल्यास तो वडील माणसांपासून कधींही लपवूं नये.

कौशल्य हेंही संपूर्ण कवच नव्हे. मोटारींच्या शर्यतींत सात वेळां जगज्जेता ठरलेला मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजीं फ्रान्समधील मेरिबेल येथें आंखलेल्या मार्गाच्या बाहेर गेला व खडकावर आदळला. त्यानें शिरस्त्राण घातलें होतें, तरी मेंदूस जबर इजा झाली. नव्या बर्फाखालीं झांकलेला दगड निष्णातालाही दिसत नाहीं. म्हणूनच मार्गाच्या कडेला खुणा रोवलेल्या असतात.

तिसरा धोका हिमस्खलनाचा. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं गुलमर्गच्या अफरवट शिखरावर कडा ढांसळून पोलंडचे दोन स्कीपटू गतप्राण झाले. नवें बर्फ जुन्या थरास नीट चिकटलेलें नसतें, तेव्हां एका माणसाच्या भारानेंही सारा उतार सुटतो. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तरच वांचण्याची चांगली आशा असते. गांवांतून मदत येईपर्यंत तेवढा वेळ निघून जातो. म्हणून अशा उतारावर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ संदेश देणारें यंत्र, बर्फ चांचपण्याची लांब काठी व फावडें हीं असलींच पाहिजेत. आणि धोक्याची सूचना लागली असतां जाऊंच नये.

या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें १९६७ सालीं आचरणाचे दहा नियम घातले. त्यांतील एक फार विचार करण्याजोगा आहे: मागून येणाऱ्यानें पुढच्यास अपाय होणार नाहीं असाच मार्ग निवडावा. खालच्याला पाठीमागें डोळे नसतात. म्हणून जो उंचावर आहे, ज्याला अधिक दिसतें, त्याच्यावर अधिक भार. दुसरा नियम असा कीं, अपघात दिसतांच प्रत्येकानें मदत केली पाहिजे. हे नियम केवळ बर्फावरचे आहेत, असें कोण म्हणेल? वरच्या इयत्तेंतील विद्यार्थ्याचें धाकट्यांशीं वर्तनही याच मापानें मोजावें.

इटलीनें १४ वर्षांखालील मुलांना २००५ पासून शिरस्त्राण सक्तीचें केलें व २०२२ पासून ही मर्यादा १८ वर्षांवर नेली. कायदा डोक्यावर शिरस्त्राण ठेवूं शकतो, आंत विवेक ठेवूं शकत नाहीं. तें काम घराचें व शाळेचें आहे. सोबती हंसतील या भीतीनें जो मुलगा न झेपणारा उतार उतरतो, त्याला आम्ही शूर म्हणणार नाहीं. "हें मला अद्याप जमत नाहीं," असें चारचौघांत सांगून जो माघारी वळतो, तोच खरा धैर्यवान. पालकहो, असा मुलगा घरीं परत आला, तर त्याला हंसूं नका; त्याची पाठ थोपटा.