पहारेकऱ्याला झोपवू नका

आमच्या शाळेत एक जुना लिनक्स सर्व्हर आहे. मुलांसाठी उर्दू-मराठी गोष्टी, व्याकरणाचे सराव आणि जुन्या प्रश्नपत्रिका मी त्यावर ठेवतो. सुट्टीत सॉफ्टवेअर अपडेट केले, मशीन पुन्हा सुरू केले. आणि सोमवारी पहिल्याच तासाला सगळ्या पडद्यांवर एकच ओळ आली : ४०३, परवानगी नाही.

सहकारी म्हणाले, "चांगलं चाललं होतं, अपडेट कशाला केलंत?" संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, एसईलिनक्स बंद करून टाका. सगळे तेच करतात."

सगळे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

एसईलिनक्स ही अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तयार करून २००० साली सर्वांसाठी खुली केलेली व्यवस्था. २००३ पासून ती लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. ती प्रत्येक फाइलवर एक लेबल लावते आणि कोणत्या प्रोग्रॅमने कोणत्या लेबलच्या फाइलला हात लावायचा, हे नियमाने ठरवते. वेबसर्व्हरने वेबसाठीचे लेबल असलेल्या फायली उघडाव्यात, कुणाच्या घरच्या फोल्डरमधल्या नाहीत. उद्या कोणी वेबसर्व्हरमधून आत शिरलाच, तरी त्याला तिथेच अडवता यावे. आमच्या त्याच मशीनवर, माझ्या फोल्डरमध्ये, मुलांचे गुण आणि पालकांचे फोन नंबर आहेत.

मी ऑडिट लॉग उघडला. नकाराची नोंद स्पष्ट होती. मग 'एलएस' आज्ञेला मोठा 'झेड' जोडून लेबले पाहिली. गोष्टींच्या फायलींवर घरच्या फोल्डरचे लेबल होते. मी त्या घरी तयार करून 'एमव्ही'ने हलवल्या होत्या. 'एमव्ही'ने हलवलेली फाइल जुने लेबल घेऊनच जाते. 'सीपी'ने केलेली प्रत सहसा नव्या जागेचे लेबल घेते.

मग इतके दिवस चाललं कसं? आठवलं. मागच्या वर्षी अशीच अडचण आली, तेव्हा मीच 'सेटएनफोर्स शून्य' देऊन मोकळा झालो होतो. त्यात नियम नुसते नोंद करतात, अडवत नाहीत. आणि ते मशीन पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते. म्हणजे अपडेटने काही बिघडवलं नव्हतं. झोपवलेला पहारेकरी रीबूटने जागा झाला होता.

उपाय एका ओळीचा निघाला : त्या फोल्डरवर 'रीस्टोअरकॉन'. आधी 'एन' लावून काय बदलेल ते नुसते पाहिले, मग खरोखर चालवले. फोल्डर नेहमीच्या जागी नसेल, तर आधी 'सीमॅनेज'ने त्या जागेचा नियम नोंदवावा लागतो. सगळ्याच मशीनची लेबले विस्कटली असतील, तर मुळाशी 'ऑटोरीलेबल' नावाची टिंब लावलेली रिकामी फाइल ठेवून मशीन पुन्हा सुरू करायचे आणि धीर धरायचा.

पुढच्या तासाला गोष्टी उघडल्या. दोष अपडेटचा नव्हता, पहारेकऱ्याचाही नव्हता. त्याने तक्रार लिहून ठेवली होती. वर्षभर ती मीच वाचली नव्हती.