वाकडा हत्ती राहू द्या
चीनच्या शान्शी प्रांतात हुओ छ्यूबिंग या हान सेनापतीची समाधी आहे. इ.स.पू. ११७ मध्ये, ऐन तरुणपणी तो वारला. समाधीपाशी दगडी घोडा, हत्ती, बैल, वाघ आहेत. कारागिरांनी दगडाचा मूळ आकार पाहिला, त्यात जनावर दिसलं तेवढंच कोरलं, बाकी दगड तसाच ठेवला. एकवीसशे वर्षांनंतरही लोक ते बघायला जातात.

आपण मात्र मुलाने काढलेला वाकडा हत्ती खोडून 'नीट' काढून देतो. मीही वर्गात हे केलंय. त्यानंतर त्या मुलाने चित्रकलेची वही मला दाखवलीच नाही. म्हणून सांगते, खोडरबर हातात घेण्याआधी एकदा विचारा, "बाळा, यात काय काय आहे?" मग फक्त ऐका.