उंबरठ्याच्या आत

तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना मोठ्या हौसेने सांगतो. पण ती ऐकून पोराने खरेच एखादे पिल्लू उचलून आणले, तर आपला पहिला उद्गार असतो, "आधी ते बाहेर ठेव!" शिळी पोळी टाकणे सोपे, उंबरठा ओलांडू देणे कठीण.

मुंबईत टाटांच्या 'बॉम्बे हाउस'ने ते केले. २०१८ साली नूतनीकरण झाले तेव्हा तिथे रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली ठेवली. त्यांतलाच एक 'गोवा'. गोव्यात भटकताना मोटारीत चढला नि मुंबईकर झाला! १० ऑक्टोबर २०२४ रोजी रतन टाटांच्या अंत्यदर्शनाला त्यालाही आणले होते.

आम्हां बुलढाणेकरांपाशी बॉम्बे हाउस कुठले? पण गेल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना भिऊन एक लंगडी कुत्री घरात शिरली आणि आईच्या पलंगाखाली दडली. सोवळेओवळे पाळणारी आई काठी घेऊन वाकली. ते थरथरणारे अंग पाहिले आणि काठी कोपऱ्यात ठेवली. म्हणाली, "राहू दे आजची रात्र."

ती रात्र अजून संपलेली नाही! पायाला मलमपट्टी झाली, रेबीजची लस टोचली, 'चंपी' हे नाव पडले. पहिले तीन महिने माणूस दूर गेल्याशिवाय ती ताटलीला तोंड लावीत नसे. मग एके दुपारी आईच्या पायावर डोके ठेवून निवांत झोपली.

यंदा आमच्या अंगणात फुलबाज्या आहेत, सुतळीबॉम्ब नाहीत. धाकट्याने कुरकुर केली, तेव्हा आईच म्हणाली, "आपल्या घरात एक भित्रं माणूस आहे, बापा!"