जनित्र थांबवायचे कसे आणि कोणी?

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद प्रकल्पात १२ जून २०१४ रोजी झालेल्या वायुगळतीत सहा जणांचा बळी गेला. मृतांमध्ये दोन उपमहाव्यवस्थापकही होते. पंपगृहातील पाण्याचा दाब घसरला आणि झोतभट्टीच्या वायुशुद्धीकरण विभागातून कार्बन मोनॉक्साइड पसरला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी याच प्रकल्पात कोक भट्टीच्या वायुवाहिनीला आग लागून दहाहून अधिक कर्मचारी दगावले.

या दुर्घटना जनित्रामुळे घडल्या नव्हत्या. तथापि, पर्यायी वीजपुरवठ्याच्या यंत्रांना आपत्कालीन बंद करण्याची सोय कशी असावी, याचा विचार करताना भिलाईकडे दुर्लक्ष करता येत नाही.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. इंधन तोडले की ते थांबते, असा सर्वसाधारण समज आहे आणि एरवी तो खराही आहे. मात्र इंजिन ओढत असलेल्या हवेतच ज्वालाग्राही वायू मिसळला, तर तोच त्याचे इंधन बनतो आणि वेग आवरत नाही. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर विहिरीतून वायू उसळला, तेव्हा तेथील जनित्रांचा वेग असाच बेसुमार वाढला. त्या स्फोटात ११ जण ठार झाले. अशा वेळी हवेचा मार्ग बंद करणारी झडपच उपयोगी पडते. केवळ इंधन तोडणारे लाल बटण निरुपयोगी ठरते. तेही जनित्राच्या खोलीत असेल, तर वायू पसरल्यावर तेथवर पोहोचणार कोण? बटण दाराबाहेर हवे.

पोलाद कारखान्यात अडचण याहून गुंतागुंतीची आहे. पर्यायी विजेवर पाण्याचे पंप चालत असतील, तर जनित्र थांबवणे हाच नवा धोका ठरू शकतो. पाण्याचा दाब गेला की काय होते, हे भिलाईने २०१४ मध्ये पाहिले. म्हणून एक संच बंद होताच दुसऱ्याने भार उचलला पाहिजे. एका बटणाने संपूर्ण पंपगृह अंधारात जाता कामा नये. चाचणीचेही तसेच. जनित्र सुरू होते का, हे नेमाने पाहिले जाते. भार असताना ते थांबते का, हे क्वचितच.

रात्रपाळीतील कंत्राटी कामगाराला वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता ते बटण दाबता येईल का, हा मुद्दा मात्र यंत्राचा नाही. त्याचे उत्तर व्यवस्थापनाने लेखी आदेशातच द्यावयास हवे.