जुगाराच्या पैशातून उभे राहिलेले धर्मादाय रुग्णालय : हाँगकाँगच्या तुंग वाहचा जमाखर्च

१/ इ.स. १८६९. हाँगकाँगच्या ताईपिंगशान या दाट चिनी वस्तीत एक छोटेखानी स्मृतिमंदिर होते. परमुलखात मरण पावलेल्यांच्या नावाच्या पाट्या ठेवता याव्यात म्हणून ते १८५१ साली बांधले गेले. आल्फ्रेड लिस्टर हा इंग्रज अधिकारी पाहणीसाठी आत शिरला, तेव्हा मरणोन्मुख माणसे आणि प्रेते एकाच छपराखाली पडलेली त्याला दिसली.

२/ ही माणसे तिथे आली कशी? बहुतेक जण दक्षिण चीनमधून पोटासाठी आलेले, घरदार मागे ठेवलेले मजूर होते. भाड्याच्या खोलीत कोणी मेले तर ती जागा अशुभ ठरे, म्हणून घरमालक आसन्नमरण भाडेकरूला बाहेर काढीत. सरकारी रुग्णालय होते. पण तिथली शस्त्रक्रिया आणि मृत्यूनंतरचे शवविच्छेदन यांची धास्ती मोठी होती. उरले ते हे मंदिर.

३/ वृत्तपत्रांतून गहजब झाला आणि त्यातून जन्मले तुंग वाह रुग्णालय. ही कथा सहसा दोन प्रकारे सांगितली जाते. एकीत दानशूर चिनी व्यापारी नायक असतात. दुसरीत पाश्चात्त्य वैद्यकाला विरोध करणारी परंपरानिष्ठ संस्था खलनायक असते. माझ्या मते दोन्ही कथांत जमाखर्चाची वही उघडलेलीच नाही. ती उघडू.

४/ जमेची पहिली मोठी बाजू : सुमारे १,१५,००० डॉलर. देणारे, वसाहतीचे सरकार. गव्हर्नर रिचर्ड मॅक्डॉनेल यांनी जमीनही दिली. सरकार उदार होते, असे वाटेल. पण हा पैसा आला कोठून?

५/ मॅक्डॉनेल यांनी १८६७ मध्ये जुगारघरांना परवाने देण्यास प्रारंभ केला होता. परवान्यांची रक्कम भराभर साठू लागली. लंडनच्या वरिष्ठांना हा प्रकार लाजिरवाणा वाटला. हा पैसा सर्वसाधारण महसुलात मिसळू नये, वेगळ्या निधीत ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. अशा ‘अस्पृश्य’ पैशाला एखादे पुण्यकर्म हवेच होते. ते रुग्णालयाच्या रूपाने सापडले.

६/ आता त्या जुगारघरांत हरणारे कोण, याचा विचार करा. गोदीवरचे हमाल, पालखीवाले, फेरीवाले, घरगडी यांच्या खिशातली नाणी परवान्यांच्या वाटेने सरकारी निधीत गेली आणि तीच ‘सरकारी देणगी’ म्हणून त्यांच्या मरणाच्या सोयीसाठी परत आली. या रुग्णालयाचा पहिला मोठा देणगीदार ताईपिंगशानचा निनावी मजूरच होता, असे मी म्हणेन. त्याचे नाव मात्र कोणत्याही संगमरवरी फलकावर आले नाही.

७/ १८७० साली स्वतंत्र कायदा करून संस्थेला मान्यता मिळाली, त्याच वर्षी एप्रिलमध्ये पायाभरणी झाली आणि १४ फेब्रुवारी १८७२ रोजी रुग्णालय उघडले. उपचार केवळ चिनी वैद्यकाचे आणि गरिबांना विनामूल्य.

८/ इमारत एकदा उभी राहते. औषध, अन्न आणि शवपेटी रोज लागते. हा चालू खर्च सरकारने उचलला नाही. तो चिनी व्यापाऱ्यांच्या संघांवर आला. आयात-निर्यात करणारा ‘नाम पाक होंग’ संघ, कापडवाले, तांदूळवाले, अफूवाले, आणि परदेशी पेढ्यांचे चिनी मध्यस्थ म्हणजे कॉम्प्रेडोर. संस्थापक समितीचे प्रमुख लेउंग ऑन हे असेच एका ब्रिटिश पेढीचे कॉम्प्रेडोर होते. मुंबईच्या परदेशी पेढ्यांतले हमीदार दलाल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्यांचे स्थान कळेल.

९/ संघ वार्षिक वर्गणी देत आणि त्यांच्यातूनच दरवर्षी नवे संचालक निवडले जात. संचालक होणे म्हणजे स्वतःची थैली सैल करणे. मोबदल्यात मिळे ती प्रतिष्ठा : समारंभाला चिनी दरबारी अधिकाऱ्याचा पोशाख, तंट्यांत मध्यस्थाचा मान आणि गव्हर्नरच्या दारी चिनी समाजाचा प्रवक्ता म्हणून प्रवेश. राज्याच्या आत दुसरे राज्य उभे राहते आहे, अशी तक्रार इंग्रज रहिवासी करू लागले, ती यामुळेच.

१०/ या वहीतली खर्चाची बाजू मला अधिक बोलकी वाटते. रुग्णसेवेखेरीज तिच्यात बेवारस प्रेतांचे दफन आहे, मोफत शवपेट्या आहेत, देवीची लस टोचणे आहे. परदेशी मरण पावलेल्या चिनी मजुरांच्या अस्थी हाँगकाँगमार्गे त्यांच्या गावी पोहोचवण्याचे कामही आहे. मेलेल्या माणसाला घरी नेणे हा रुग्णालयाचा खर्च असू शकतो, हे आपल्या आजच्या व्याख्येत बसत नाही. तिथल्या गरिबाला मात्र औषधाइतकाच त्याचाही आधार होता.

११/ मग आले १८९४. मे महिन्यात प्लेगचे रुग्ण तुंग वाहमध्येच आढळले. घरोघरी झडत्या सुरू झाल्या, रुग्णांना सक्तीने हलवले जाऊ लागले. लोकांचा रोष सरकारवर होता, तसाच संचालकांवरही; त्यांच्या अध्यक्षांवर जमाव चालून गेला. सरकारने ताईपिंगशानसमोर युद्धनौका आणून उभी केली. त्या वर्षी सुमारे अडीच हजार माणसे मेली.

१२/ व्यापाऱ्यांचे नेतृत्व इथे उघडे पडले. सरकारला ते अडथळा वाटत होते, गरिबांना सरकारचे हस्तक. देणगीतून मिळालेला ‘प्रतिनिधी’ हा मान संकटात किती तोकडा पडतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा.

१३/ १८९६ मध्ये चौकशी आयोग बसला. रुग्णालय मोडीत काढावे, असेही मत मांडले गेले. अखेर ते टिकले. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेला चिनी डॉक्टर नेमला गेला आणि दोन्ही पद्धतींचे उपचार शेजारी-शेजारी चालू लागले. ते टिकण्याचे श्रेय केवळ सहिष्णुतेला द्यायला मी तयार नाही. ते बंद केले असते, तर त्या गरिबांचा खर्च सरकारलाच करावा लागला असता.

१४/ या टप्प्यावर आपल्याकडे वळणे भाग आहे. हाँगकाँगनंतर दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, प्लेग मुंबईत मांडवी भागात प्रकटला. तीच झडती, तीच सक्ती, तोच रोष. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये काढली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारले. परक्या हातात मरण्याची भीती दोन्ही बंदरांत सारखीच होती.

१५/ पैशाचा दुवा तर आणखी जुना. जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईतल्या रुग्णालयासाठी १८३८ मध्ये १ लाख रुपये देऊ केले, सरकारनेही तितकेच द्यावेत या अटीवर. १८४५ मध्ये ‘जे. जे.’ सुरू झाले. त्यांच्या संपत्तीत चीनच्या व्यापाराचा, अर्थात अफूचाही, मोठा वाटा होता. एका बंदरात अफू पाठवणाऱ्याने रुग्णालय बांधले, दुसऱ्यात ती विकणाऱ्यांनी चालवले.

१६/ म्हणून ही दाने खोटी ठरतात का? नाही. तुंग वाहमध्ये ज्याला अखेरच्या रात्री अंथरूण आणि पेज मिळाली, त्याच्यासाठी पैशाचा उगम गौण होता. त्याच्या वतीने आपण आज नैतिक तुच्छता दाखवणे मला अप्रामाणिक वाटते.

१७/ माझा आक्षेप निराळा आहे. दानाने भूक भागते, पण दानावर दावा सांगता येत नाही. मजुराचा पैसा करातून आला असता, तर उपचार हा त्याचा हक्क म्हणता आला असता. तो जुगारातून आणि शेठजींच्या वर्गणीतून फिरून आला, म्हणून त्याला उपकार हे नाव मिळाले. वसाहतीच्या सरकारला हीच व्यवस्था सर्वांत स्वस्त पडली.

१८/ तुंग वाह आजही उभे आहे. १९११ मध्ये कौलूनचे क्वाँग वाह आणि १९२९ मध्ये तुंग वाह ईस्टर्न ही रुग्णालये निघाली; १९३१ मध्ये तिन्ही एका मंडळाखाली आली.

१९/ मित्रहो, पुढच्या वेळी एखाद्या जुन्या रुग्णालयाच्या दारातली देणगीदारांची नावे वाचाल, तेव्हा क्षणभर थांबा. हे पैसे त्यांच्याकडे कोणाच्या हातून आले, हा प्रश्न त्या नावांना विचारून पाहा. आपल्या गावच्या अशा एखाद्या संस्थेचा जमाखर्च कोणी पाहिला असेल, तर खाली अवश्य लिहा. (समाप्त)